कार्यक्रमपत्रके वाचायला शिकवणाऱ्या ग्रंथपालांस

आदरणीय ग्रंथपाल महोदया,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सार्वजनिक प्रसारण आणि राष्ट्रीय अस्मिता या विषयावरील माझा दीर्घ लेख आता छपाईला गेला आहे. त्यात आपल्या ऋणनिर्देशाला दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळाली नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

मी आपल्याकडे आले होते ती नेत्यांची आणि राजेरजवाड्यांची गाजलेली रेडिओ-भाषणे मागायला. ती आपण दिलीतच. पण त्यांच्यासोबत चौकशी आयोगांचे अहवाल आणि जुनी कार्यक्रमपत्रकेही पुढे ठेवलीत, आणि कोणत्या लहरीवर, कोणत्या भाषेत, किती वेळ बोलले गेले हे आधी पाहावे, असे सुचवलेत. लेखाला कणा मिळाला तो या सूचनेमुळे.

ब्रिटनचेच पाहा. रेडिओ संच बनवणाऱ्या कंपन्यांनी १९२२ साली काढलेली बीबीसी १ जानेवारी १९२७ पासून राजसनदेवर चालणारे महामंडळ झाली, आणि १९३२ च्या नाताळात पंचम जॉर्ज यांचा संदेश साऱ्या साम्राज्यात एकाच वेळी ऐकू गेला, हे सर्वत्र सांगितले जाते. पत्रकांमध्ये मात्र त्याच काळात वेल्सला स्वतःचा प्रसारण-विभागच नव्हता. सॉमरसेटमधील वॉशफर्डच्या प्रक्षेपकावरून ब्रिस्टलच्या खाडीच्या अलीकडचे इंग्रज आणि पलीकडचे वेल्श एकाच ‘पश्चिम विभागा’चे श्रोते धरले जात, आणि ही वाटणी मोडायला १९३७ साल उजाडावे लागले. वेल्श दूरचित्रवाहिनीच्या आश्वासनापासून सरकार मागे फिरल्यावर १९८० साली वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकारला नमते घ्यावे लागले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. त्या झगड्याची मुळे मला या कंटाळवाण्या पत्रकांत दिसली.

कॅनडावर मी सर्वाधिक पाने खर्च केली, आणि त्याचे श्रेय आपण काढून दिलेल्या एअर्ड आयोगाच्या अहवालाला आहे. धार्मिक प्रसारण करणाऱ्या काही केंद्रांच्या परवान्यांवरून १९२८ मध्ये वाद पेटला, म्हणून हा आयोग नेमला गेला, आणि त्याचे अध्यक्ष होते एक बँकर! (राष्ट्रीय संस्थांचा उगम इतका आडवळणाचा असू शकतो, याची मला अजूनही गंमत वाटते.) सीमेपलीकडून येणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमांत कॅनडाचा श्रोता हरवतो आहे, ही चिंता नोंदवून आयोगाने १९२९ मध्ये सार्वजनिक मालकीची शिफारस केली, १९३२ च्या कायद्याने त्याची सुरुवात झाली आणि १९३६ मध्ये सीबीसी ही कॅनडाची सार्वजनिक प्रसारण संस्था स्थापन झाली. परंतु राष्ट्रीय जाळ्यावर फ्रेंच भाषा ऐकू येताच इंग्रजीभाषक प्रांतांतून तक्रारी आल्या होत्या, आणि पुढे दोन भाषांच्या दोन वेगळ्या सेवा झाल्या. एका देशासाठी काढलेल्या संस्थेने अशा प्रकारे दोन श्रोतृवर्ग घडवले.

याचा परिणाम डिसेंबर १९५८ मध्ये माँट्रियलला दिसला. सीबीसीच्या फ्रेंच दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांनी संघटनेच्या हक्कासाठी संप पुकारला, तो मार्चपर्यंत चालला, आणि ऑटावातील केंद्र सरकारच्या उदासीनतेचा कडवट अनुभव घेतलेल्यांत रने लेवेक हे लोकप्रिय वृत्तनिवेदक होते. त्यांनीच १९६८ साली क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताच्या सार्वभौमत्वासाठी पक्ष स्थापन केला आणि १९७६ मध्ये ते त्या प्रांताचे पंतप्रधान झाले. क्वेबेकचा राष्ट्रवाद त्या संपातून जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र प्रसारणाने राष्ट्र ‘जोडले’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी या प्रकरणाला बगल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संपाविषयीची इंग्रजी आणि फ्रेंच कात्रणे आपण तारखेनुसार शेजारी शेजारी लावून दिली नसती, तर दोन्ही भाषांतील वृत्तपत्रे त्याच घटनेकडे किती वेगळ्या नजरेने पाहत होती, हे माझ्या लक्षात आले नसते. फ्रेंच मजकूर समजून देण्यासाठी आपण कामाची वेळ संपल्यावरही थांबलात, त्याबद्दल विशेष आभार. लेखाची प्रत संग्रहासाठी पाठवत आहे. वेल्सच्या विभागांचा नकाशा आपल्याकडील पत्रकांवरूनच काढला असल्याने तो एकदा आपल्या नजरेखालून जावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक अभ्यासक