आईच्या पुढ्यातली एअरबॅग

बडोदा, 18 ऑगस्ट

ती. आई, ती. बाबा,
शि. सा. न.

फोनवर गाडीचा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि बोलणं तिथेच संपतं, म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी मिळून वाचा.

बाबा, ती उघड्या टपाची गाडी तुम्ही निवृत्तीनंतर किती हौसेने घेतलीत ते मला माहीत आहे. सकाळी टप खाली करून तुम्ही पातालपानीपर्यंत फिरून येता आणि डोक्याला रुमाल बांधून आई शेजारी बसते. ती विका, असं मी कधीच म्हणणार नाही. पण गेल्या रविवारी इंदूरला आले तेव्हा आईच्या पायाखालचा गालिचा दाबून बघितला, तर बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. आई म्हणाली, पावसाळ्यात एवढं चालायचंच. नाही गं आई, हे चालण्यासारखं नाही.

टपाचं कापड कुठेही फाटलेलं नव्हतं. टप दुमडून जिथे बसतो, त्या खाचेच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात आणि तिथून नळी खाली उतरते. गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असते ना, डाव्या भोकातून मी मूठभर काळा लगदा काढला, सगळा पानांचा आणि काड्यांचा. नळी तुंबली की पाणी सीटखाली साठतं. आणि सीटखालीच ते पिवळे कनेक्टर असतात, एअरबॅगच्या आणि बेल्टच्या यंत्रणेचे. त्यांना गंज चढला की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतो. बाबा, तुमच्या मेकॅनिकने कनेक्टर बघायचे सोडून तो दिवाच काढून टाकला, हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. तो दिवा लागलेला असताना धडक झाली, तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. आता तर बिघाड झालाय हे सांगणारंही काही उरलं नाही.

नळी साफ करायला लोखंडी तार घालू नका, आतून नळी फाटते नाहीतर निसटते. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हलक्या हाताने घाला, मग तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतं का ते बघा. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी करा.

पण मला खरी काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, कारण ती कुठल्याही दिव्याने कळत नाही. ताकाता नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये, ती फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमध्ये, अमोनियम नायट्रेट असे. वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहून ते बिघडतं. मग धडकेच्या वेळी ते भलत्याच वेगाने पेटतं, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्याच्या अंगावर येतात. वाचवणारी वस्तूच जीव घेते. 2008 पासून या गाड्या परत बोलावणं सुरू झालं. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर त्यात आले आणि 2017 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. भारतातही अनेक गाड्यांचे इन्फ्लेटर बदलून दिले गेले.

आपल्या गाडीत कुठला इन्फ्लेटर आहे, ते फक्त चेसिस नंबरवरून कळेल. आपण तिसरे मालक. रिकॉलचं, म्हणजे गाडी परत बोलावण्याचं पत्र निघालं असलं, तर ते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असणार. रिकॉलच्या सरकारी सक्तीचा भरवसाही धरू नका, 1 एप्रिल 2021 पासूनचा तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. आणि गाडी दोनच सीटची, आईला मागे बसवायची सोयच नाही. तिच्या पुढ्यातच ती एअरबॅग आहे, बाबा.

म्हणून आरसी बुकातल्या 17 अक्षरी चेसिस नंबरचा फोटो आजच मला पाठवा. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारते. रिकॉलचं काम निघालं तर ते फुकट करून देतात. त्या मेकॅनिकला एअरबॅगच्या वायरींना वीज तपासायचं मीटर लावू देऊ नका, नुसत्या चाचणीनेही ती उघडू शकते.

टायरचंही बघायचंय. नक्षी छान दिसते, पण बाजूला 2314 छापलंय, म्हणजे टायर 2014 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला, इतका जुना. मागची प्लॅस्टिकची काच पिवळी पडली आहे, तिचं नंतर बघू.

शनिवारी सकाळच्या बसने निघते. तोवर गाडी पोर्चमध्येच राहू द्या, झाडाखाली नको, आणि फिरायला जायचं असेल तर रिक्षाने जा. आई, गालिचा बाहेर काढून ठेव, ऊन पडलं की गच्चीवर टाक.

तुमची लेक