सहा महिन्यांची वही

शहापूर, बेळगाव
२६ मार्च २०२४

प्रिय पिंट्या,

काल शहरात रंग झाला. आपल्या शहापुरात मात्र पंचमीलाच, येत्या शनिवारी. सांगली संस्थान जाऊन इतकी वर्षं झाली, खरं आपली रीत आहे तशी आहे. तिकडे सगळे भिजत होते आणि मी दुकानात गादीवर बसून त्या जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकेवरचा तुझा मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होतो. ‘फ्रीरेन बघितली, २८ भाग, दोन दिवसांत. दहापैकी आठ.’ आठ गुण दिलेस त्याचं काही वाटलं नाही गा, खरं दोन दिवसांत संपवलीस हे मनाला लागलं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

आपली मालिकांच्या भागांना गुण लिहायची वही अजून चालू आहे. तू पुण्याला गेल्यापासून तुझा रकाना रिकामाच असतो, तरी मी तो आखतो. जपानात दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात, नव्या मालिकांचा हंगाम लागतो. त्या तीन महिन्यांच्या तुकड्याला ते ‘कूर’ म्हणतात. साधारण बारा-तेरा भाग. ‘फ्रीरेन’ आणि ‘अपोथेकरी डायरीज’ या दोन्ही सलग दोन कूर चालल्या आणि गेल्या शुक्रवार-शनिवारी लागोपाठ संपल्या. ऑक्टोबरपासून दोन्ही शेजारीशेजारी बघितल्या, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

फ्रीरेनचे पहिले चार भाग एकदम आले, २९ सप्टेंबरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आपली मिरवणूक तुला सांगायला नको. रात्रभर जागून, कपिलेश्वर तलावावरून सकाळी घरी आलो आणि संध्याकाळी पहिला भाग लावला. कानात अजून ढोल होते. आणि समोर काय, तर वीर हिम्मेलचा अंत्यविधी. हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगार फ्रीरेन त्याच्यासोबत दहा वर्षं हिंडली, तिच्या लेखी ती दहा वर्षं म्हणजे काहीच नव्हे, आणि तो गेल्यावर तिला रडू फुटतं, की आपण या माणसाला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. बाप्पा गेल्यावर मांडवात जी शांतता असते त्या शांततेत मी ते बघितलं. पहिल्या पानावर मी फक्त ‘१०’ लिहिलंय, पुढे काहीच नाही.

तू म्हणतोस, परीक्षेचे भाग लांबले. बरोबर आहे. जानेवारीत अठराव्या भागापासून ती जादूगारांची परीक्षा सुरू झाली तेव्हा मीही गुण कापले होते. वहीत आहे बघ: ‘७. नवीन माणसं फार.’ पुढे प्रत्येक आठवड्याला त्यातला एकेक जण ओळखीचा होत गेला. शेवटून तिसऱ्या भागात फ्रीरेनची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते आणि तिची शिष्या फर्न हिला त्या प्रतिकृतीशी लढावं लागतं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा होतो. मागचा ७ खोडला नाही. शेजारी ९ लिहिला आणि तारीख घातली. तुझ्याकडे तो ७ ही नाही आणि ९ ही नाही, नुसता एकच ८ आहे. या मालिकेचा विषयच मुळी वेळ आहे रे. गणपतीपासून शिमग्यापर्यंत ती माझ्याबरोबर राहिली. मॅडहाऊस स्टुडिओवाल्यांची कला आणि इव्हान कॉलचं संगीत दोन दिवसांतही कळेल, खरं तो वियोग कळायला मध्ये आठवडे जावे लागतात.

आता ‘अपोथेकरी’ची नायिका माओमाओ. ‘अपोथेकरी’ तू अजून लावली नाहीस, म्हणून जपून सांगतो. औषधं जाणणारी पोरगी पळवून राजवाड्यात विकली जाते, आणि बादशहाची तान्ही बाळं का आजारी पडतात ते ओळखते: तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत शिसं. पुढे दर आठवड्याला एक कोडं. कोठारात पिठाच्या धुळीने लागलेली आग, जेवणातून झालेली विषबाधा, एका धातुकाराने तीन पोरांना मागे ठेवलेला वारसा. प्रत्येक कोडं त्या-त्या भागात मिटलं असं वाटतं. आणि एकोणिसाव्या भागात सगळे धागे एकाच जागी येऊन गाठ बसते! मी वही मागे उलगडली, माझ्याच अक्षरात सगळं होतं, आणि एकदाही मला शंका आली नव्हती. त्या रात्रीचा आनंद मी कुणाला सांगू? तू झोपला होतास.

फ्रीरेन वर, की माओमाओ? माझ्या मते फ्रीरेन वर, केसाएवढी. माओमाओचं डोकं मला जास्त आवडतं, खरं फ्रीरेनमधली गप्प राहण्याची जागा दुसरीकडे कुठेच नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे, आणि ती आपल्यासारख्यांच्या कानाला चटकन लागते. फर्न बरोबरच्या स्टार्कवर कितीही चिडली तरी त्याच्या नावामागचं ‘सामा’ हे आदराचं संबोधन सोडत नाही. आपल्याकडे भांडतानाही ‘अहो’ सुटत नाही ना, तसं. माझा दिवस काउंटरवर कानडी ‘नीनु’चं ‘नीवु’ करण्यात जातो, घरी आल्यावर ‘तू’चं ‘तुम्ही’. भाषांतराची इंग्रजी अक्षरं खाली धावत असतात, त्यांच्यात ते मावत नाही. मी म्हणून वाचता वाचता ऐकतो.

आणि हे आजीला आवडलं. माओमाओची वेळ जपानी टीव्हीवर ‘शनिवार २४:५५’ अशी छापतात. म्हणजे खरं तर रविवार उजाडायच्या आधीचं पाऊण वाजून गेलेलं. आपल्याकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे ९:२५. आजी म्हणाली, “बरोबरच आहे की, सूर्य उगवल्याशिवाय वार बदलतो होय?”

‘डिलिशस इन डंजन’ ही तिसरी मालिका सध्या अर्ध्यावर आहे. २४ पैकी १२ भाग झालेत. ते बारा तू कसेही बघ, एका बैठकीत बघ, मी काही बोलणार नाही. तेरावा परवा गुरुवारी येतोय, तिथून माझ्याबरोबर ये. माझे गुण बघायच्या आधी तुझे पाठव, आणि का दिलेस ते एका ओळीत लिही. रकाना आखून ठेवलाय.

पंचमीला येणार असशील तर शुक्रवारीच निघ. आई कुंदा आणून ठेवणार आहे. येताना जुनी वही घेऊन ये, आपण पहिल्यांदा आखलेली, ती तुझ्याकडेच आहे.

तुझाच,
शहापूरवाला