गाठ नाही गं, गुठळी

आई, बाबा,

काल तुमचा फोन ठेवला आणि लगेच वडगावच्या काकूंचा आला, रडतच होत्या, बाबांच्या पायात गाठ निघाली आणि आम्हाला कुणी सांगितलं पण नाही म्हणून. आई, तू सगळीकडे "गाठ" सांगत सुटलीयस ना? गाठ म्हटलं की लोकांच्या डोक्यात कॅन्सरच येतो, आता अर्धं वडगाव बघायला येणार आणि चहा तूच करत बसणार.

बाबांना झालीय ती गुठळी. पायाच्या आतल्या शिरेत रक्त साकळलंय, रिपोर्टवर डीव्हीटी लिहिलंय ना, तेच. तिथल्या सिस्टरनी कन्नडमध्ये सांगितलं "रक्त हेप्पुगट्टेद", मला तर तेच सगळ्यात बरं वाटलं, हेप्पु म्हणजे विरजणच की! फरक एवढाच की दुधाला विरजण बाहेरून लावावं लागतं, रक्ताचं रक्तातच असतं. विळीवर बोट कापलं की तेच कामाला येतं, धाग्यांचं जाळं होतं, त्यात रक्तपेशी अडकतात नि रक्त थांबतं. पण ऑपरेशननंतर बाबा तीन आठवडे पडून, पायातलं रक्त संथ झालं, आणि नको तिथं विरजलं.

जागेवर बसलेल्या गुठळीला डॉक्टर थ्रॉम्बस म्हणतात आणि तीच सुटून वाहत निघाली की एम्बोलस. पायातली सुटली तर हृदयातून थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. म्हणून तेलाची वाटी कपाटात ठेव आई, तो पाय अजिबात चोळायचा नाही. एकदम धाप लागली, छातीत दुखलं तर गॅस झालाय म्हणत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाबा, सूज उतरली म्हणून गोळी बंद करायची नाही. "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात खरं पण रक्त काही पाण्यासारखं होत नाही, साकळायला वेळ लागतो एवढंच, गुठळी शरीरच हळूहळू विरघळवतं, गोळी तिला वाढू देत नाही. तुमची वॉरफरिन 1948 मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून आली होती (हे आईला वाचून दाखवू नका). जास्त झाली तर रक्तस्राव होतो, म्हणूनच आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला नेहमीपेक्षा किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासत राहायचं, तुमचा 2 ते 3 मध्ये हवा. मेथी-पालकानं गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून ते बंद नको, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा काहीच नाही असंही नको. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणाल तर माझ्याशी गाठ आहे.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते. तोवर काकूंना तूच फोन कर आणि गुठळी म्हणून सांग.

तुमची,
ताई