तडजोडपत्रात घराचं कलम नीट लिहा

महोदय,

संमतीने घटस्फोट घेताना नवरा-बायकोच्या तडजोडपत्रात पोटगी आणि मुलांच्या ताब्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. घराबद्दल मात्र एकच ओळ : ‘फ्लॅट विकून रक्कम निम्मी निम्मी घ्यावी.’ जुळे सोलापुरातला दोघांच्या नावचा फ्लॅट मग या एका ओळीपायी कुलूपबंद राहतो. किंमत कोणी ठरवायची? गिऱ्हाईक आल्यावर एकाने सही नाकारली तर? म्हणून सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल, किमान किंमत, विक्रीची मुदत आणि ती टळल्यास कोर्टामार्फत विक्री, हे स्पष्ट लिहून घ्यावं. आधी कर्ज, मग सोसायटी व महापालिकेची थकबाकी फेडून उरेल तेच वाटायचं.

सर्वांत मोठी फसगत कर्जात होते. ‘हप्ते पतीने भरावेत’ असं कोर्टाच्या हुकूमनाम्यात असलं तरी बँक त्या तडजोडीची पक्षकार नसते. बँक लेखी मुक्त करेपर्यंत सहकर्जदार पत्नी जबाबदारच राहते; हप्ते थकले की तिचाही सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, घसरतो.

एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेतला, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त हवा. नोटरीच्या कागदावर मालकी बदलत नाही. त्यानंतर सोसायटीच्या भागपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेट) आणि कर आकारणीतलं नावही लगेच बदलून घ्यावं.

– एक वकील, सोलापूर