मानेतल्या नळीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

मांजर पिवळं दिसलं की लिव्हर टॉनिकची बाटली आणायची, हा आपल्याकडचा शिरस्ता. तुम्ही मात्र आधी विचारता, ती शेवटचं पोटभर कधी जेवली? आभार मानायचे ते मुख्यतः या प्रश्नाचे. गुबगुबीत मांजर चार-पाच दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलत नाही आणि कावीळ होते. याला तुम्ही हेपॅटिक लिपिडोसिस म्हणता. यावरचं खरं औषध अन्न, हे तुम्ही आमच्या गळी उतरवलंत. कावीळ आधी कुठे दिसते तेही दाखवलंत: खिडकीच्या उजेडात कानाची आतली बाजू आणि तोंडातला टाळू.

सिरिंजने तोंडात कोंबू नका, असं तुम्ही बजावता. अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती आहेच, शिवाय मळमळत्या मांजराला त्या अन्नाचा तिटकारा बसू शकतो. म्हणून मानेतून अन्ननलिकेत नळी. पित्त आतड्यात नीट उतरलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. त्यामुळे नळीआधी के-१ ची इंजेक्शनं, किलोमागे ०.५ ते १.५ मिलीग्रॅम, १२ तासांच्या अंतराने तीनदा. ही पायरी तुम्ही घाईतही गाळत नाही.

नळीतून द्यायच्या अन्नाचा तुमचा हिशोब आता आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. वजन गुणिले ३०, अधिक ७०. म्हणजे ४ किलोच्या मांजराला दिवसाला १९० कॅलरी. पण पहिल्या दिवशी त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, आणि पूर्ण मात्रा तीन-चार दिवसांनी. मिलीलिटरला एक कॅलरी असलेलं पातळ अन्न घेतलं, तर पहिल्या दिवशी सहा वेळा ९-१० मिली. प्रेमापोटी एकदम भरपूर घातलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळतं, तांबड्या पेशी फुटू लागतात. पहिले तीन दिवस रक्त का तपासायचं, ते यावरून कळलं. सलाइनमध्ये विनाकारण डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, नको, हेही.

अन्न कोमट, प्रत्येक वेळी १०-१५ मिनिटं घेऊन. आधी आणि नंतर ५ मिली कोमट पाणी, नाहीतर नळी तुंबते. मांजर ओठ चाटायला, घोट गिळायला लागलं की थांबायचं. पुढची पायरी उलटीच.

बाकी औषधांचं थोडक्यात. उलटीवर मॅरोपिटंट. बी-१२ आठवड्याला २५० मायक्रोग्रॅम. पित्तवाहिनी बंद नाही याची खात्री झाल्यावरच अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड, म्हणजे पित्त वाहतं करणारं औषध. यकृताला आधार देणारी एसएएमईची गोळी रिकाम्या पोटी आणि अख्खी, कारण कुटली की वरचा लेप जातो आणि गोळी वाया. अन्नातली प्रथिनं उगाच कमी करायची नाहीत. यकृत बिघडल्याने लाळ गळून मांजर भ्रमिष्ट झालं, तरच तो विचार आणि लॅक्टुलोज हे पातळ औषध. पॅरासिटामॉल कधीच नाही.

आणि उपाशी राहण्याचं मूळ कारण शोधायचा तुमचा हट्ट! स्वादुपिंड सुजलंय, पित्तमार्गाला सूज आहे की घरात नवं मांजर आलंय? रक्ततपासणीत यकृताच्या एन्झाइमांपैकी एएलपी चढलेलं आणि जीजीटी जागेवर, ही लिपिडोसिसची खूण दिसली, तरी तुम्ही तिथे थांबत नाही.

नळी काढायची घाई तुम्ही कधी करू दिली नाही. आठवडाभर स्वतःहून पुरेसं खाल्लं आणि वजन टिकलं, मगच. भोक आपलं आपण भरतं, टाके लागत नाहीत.

आपले,
मांजरं सांभाळणारी मंडळी