चतुर्थीची झाडझूड आणि चोंदलेले नाक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थीसाठी वर्षभर बंद असलेली मूळ घरे उघडली, झाडझूड झाली, की फार्मसीत नाक मोकळे करणारे थेंब मागणारे दिसू लागतात. म्हणून हे पत्र.

गालामागच्या सायनसचे, म्हणजे नाकाला जोडलेल्या हाडातल्या पोकळीचे, तोंड तळाशी नसते, वरच्या बाजूला असते आणि तेही जेमतेम काही मिलिमीटरचे. त्यामुळे आतला शेंबूड आपोआप गळून जात नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ढकलत वर चढवतात. पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी, जुन्या गाद्यांमधले धुळीचे सूक्ष्म किडे किंवा सर्दीचा विषाणू यांनी तोंडाशी सूज आली, की वाट बंद होते. सिगारेटच्या धुराने तर केसच मंदावतात. मग आत साचते आणि गाल, कपाळ जड होते.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आकसवून सूज उतरवतात. पण ३-४ दिवसांपलीकडे चालू ठेवले, तर औषधाचा असर ओसरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. ही सवय सुटायला मूळ सर्दीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात.

त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. २५० मिलिलिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. (आगरातल्या जाड्या मिठात आयोडीन नसले तरी माती असते, ते नको.) बेसिनवर वाकून डोके कलते करावे, तोंडाने श्वास घेत वरच्या नाकपुडीत पाणी सोडावे. नंतर जोराने शिंकरू नये, पाणी कानाकडे जाते. विहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी न उकळता वापरू नये. गोड्या पाण्यातला नेग्लेरिया अमीबा नाकावाटेच मेंदूत शिरतो. केरळमध्ये २०२४ साली त्याने मुले दगावली आहेत.

झाडझूड करताना केरसुणीआधी ओले फडके फिरवावे, मास्क लावावा, गाद्या उन्हात टाकाव्या. ऊन मिळाले तर!

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नये. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. १० दिवसांत उतार नसला, किंवा बरे वाटून पुन्हा बिघडले, तर मात्र तपासून घ्यावे. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल, तर वरच्या दाढा दंतवैद्याला दाखवाव्यात. दाढेचे मूळ सायनसच्या तळाला लागून असते.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, डोकेदुखीसोबत ताठलेली मान, किंवा मधुमेह्याच्या नाकात काळी खपली आणि गालाला बधिरपणा, यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट न पाहता बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) गाठावे.

– एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, फोंडा