यंत्रच वाकते आहे, हे दाखवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

घरी बनवलेल्या माझ्या बीड रोलरमधून काल पहिल्यांदाच एक पूर्ण पत्रा, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आणि सारख्या खोलीची वळी घेऊन बाहेर पडला. तो हातात घेतला तेव्हा सर्वांत आधी आपली आठवण झाली. समोर बसून आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच, की आपण त्या दोन संध्याकाळी मला जे दाखवलेत, ते असे यंत्र घरी उभे करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. येथे बीड म्हणजे ओतीव लोखंड नव्हे, तर पत्र्यावर उठवलेली लांबट वळी. सपाट पातळ पत्रा मधोमध दाबला की आत जातो आणि सोडला की पुन्हा बाहेर येतो. त्यावर अशी वळी घातली की तोच पत्रा वजन न वाढता ताठ होतो. त्यासाठी इंग्रजी सी अक्षरासारख्या फ्रेमवर एकावर एक असे दोन शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, बसवतात, त्यांच्या पुढच्या टोकांना नर (उंचवट्याचा) आणि मादी (खोबणीचा) असे दोन डाय, म्हणजे वळीचा आकार देणाऱ्या चकत्या, लावतात, मागे गिअरने दोन्ही शाफ्ट जोडतात आणि वरचा शाफ्ट स्क्रूने खाली दाबत पत्रा मधून फिरवतात.

माझी फ्रेम ५० मिमीच्या, ३ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपची होती आणि तिच्या दोन्ही बाह्या पुढे ४५० मिमी लांब होत्या. वळी उथळ पडत असे, म्हणून मी स्क्रू आणखी आवळत असे. पत्रा आखलेली रेघ सोडून बाजूला जात असे, म्हणून मी तो अधिक जोराने धरत असे. कित्येक आठवडे मी हा माझ्या हाताचा दोष समजत होतो आणि हँडल काढून मोटर बसवली म्हणजे दोन्ही हात पत्र्यावर राहतील, मग सारे जमेल, अशा विचाराने मोटर शोधत होतो.

आपण आलात, यंत्राभोवती एक फेरी मारलीत आणि मोटरबद्दल एक शब्दही न बोलता पिशवीतून डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारे मापक, काढलेत. त्याचा चुंबकी पाया खालच्या बाहीवर बसवलात, टोक वरच्या बाहीला टेकवलेत आणि मला १ मिमीच्या पत्र्याची पट्टी फिरवायला सांगितलेत. काटा फिरत फिरत ४ मिमीच्या पुढे गेला. “पत्रा वाकायच्या आधी तुझं यंत्रच वाकतंय,” असे आपण म्हणालात. त्या क्षणी मला जे वाटले ते दुःख नव्हते, सुटका होती. स्क्रू जितका खाली उतरे तितका डाय पत्र्यात उतरतच नव्हता, स्क्रूची बरीचशी चाल फ्रेम उघडण्यात खर्च होत होती. शिवाय बाह्या उघडताना त्यांची टोके तिरपी होत, त्यामुळे दोन्ही डाय एकमेकांना समांतर राहत नसत, एका बाजूची पकड घट्ट आणि दुसरीची सैल होई आणि पत्रा बाजूला ओढला जाई. रेघ चुकत होती ती याच कारणाने.

त्यानंतरची उपाययोजना सोपी होती, पण ती का लागू पडते हे आपण वहीत आकडे मांडून समजावलेत, त्याचे मोल मला अधिक वाटते. भरीव पट्टीची वाकण्याच्या दिशेतली उंची दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. पोकळ पाइपवर तसाच दुसरा पाइप वेल्ड केला तर आठपट नाही, पण पाचपटींहून थोडा अधिक होतो. म्हणून जाड पाइप घेऊन नवी फ्रेम करण्याऐवजी, त्याच फ्रेमच्या बाहेरच्या अंगाने, मागच्या उभ्या भागासह, दुसरा पाइप जोडायचे ठरले. मागचा भाग तसाच सोडला असता तर बाह्या ताठ होऊनही मुळातूनच उघडल्या असत्या, हे मला स्वतःहून कधीच सुचले नसते.

वेल्डिंगच्या वेळी आपण दोन्ही बुशांतून, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या नळीसारख्या आधारांतून, सरळ सळई आरपार घालून ठेवायला लावलीत. एकदम लांब वेल्ड न मारता आधी टाके, मग दोन्ही बाजूंना आलटून-पालटून छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर सळई हाताने फिरते की नाही हे पाहणे, अशा रीतीने ते काम चालले. दोनदा ती अडली आणि दोन्ही वेळा आपण थांबून फ्रेम निवू दिलीत. मी एकटा असतो तर घाईने पुढे गेलो असतो आणि दोन्ही शाफ्टची सरळ रेषा कायमची बिघडवून बसलो असतो. काम संपल्यावर तशाच पट्टीवर तितकीच खोल वळी घातली तेव्हा काटा पाऊण मिमीच्या आसपास थांबला.

दुसऱ्या संध्याकाळी आपण डाय हातात घेतलेत. माझा नर डाय १० मिमी रुंद होता आणि मादी डायची खोबण जेमतेम ११ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून १ मिमी जागा. १ मिमीच्या पत्र्याला प्रत्येक बाजूला निदान स्वतःच्या जाडीइतकी जागा हवी, नाहीतर तो वळत नाही, कापला जातो. वळीच्या एका खांद्यावरची बारीक चमकदार रेघ आपण मला नखाने जाणवून दिलीत; चीर पडण्याआधीची ती खूण होती. खोबण लेथवर साडेबारा मिमी करून दिलीत, कडांना गोलाई दिलीत आणि शेवटी एमरी पेपरने त्या इतक्या गुळगुळीत केल्यात की आता पत्र्यावर ओरखडाही उठत नाही.

गिअरबद्दल मात्र मला फार लिहावे लागत नाही, कारण ते योगायोगाने बरोबर बसले होते. वरचा शाफ्ट मागच्या बुशापाशी खेळतो आणि गिअर त्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे पुढचे टोक १० मिमी उचलले तरी गिअरचे दाते १ मिमीदेखील सरकत नाहीत.

सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट आपण निघता निघता सांगितलीत. १२ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल गोलसर वळीला सपाटीपेक्षा सुमारे सव्वातीन मिमी जास्त पत्रा लागतो आणि तो आजूबाजूनेच ओढला जातो. वळी कडेपर्यंत न नेता मध्येच संपवली तर तिच्या टोकापुढचा पत्रा ओढला जात नाही, आणि मग पूर्ण तुकड्याला पीळ बसतो. तेव्हापासून मी एकदम खोल न जाता तीन फेऱ्यांत वळी उतरवतो आणि जिथे ती मध्येच थांबायची असते तिथला पट्टा आधी हातोडीने थोडा ताणून घेतो. कालचा पत्रा टेबलावर ठेवला तेव्हा त्याचे चारही कोपरे टेकले होते.

आपण आपल्या कामाच्या दिवसांतून दोन संध्याकाळी काढल्यात, माझ्या हातून काम काढून न घेता ते माझ्याकडूनच करवून घेतलेत आणि कुठेही मला कमी लेखले नाहीत. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला डायल गेज अजून माझ्याकडेच आहे. तो पुसून, डबीत घालून, रविवारी सकाळी परत द्यायला येतो. सोबत ६ मिमीच्या वळीसाठी केलेले डायही आणतो. या खेपेस खोबण साडेआठ मिमी ठेवली आहे, कडांची गोलाई पुरेशी झाली आहे का ते आपण एकदा बोट फिरवून पाहावे, ही विनंती.

आपला नम्र,
पत्राकाम शिकणारा